अर्जातली एक ओळ

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील वकील, घरात कशाची ददात नव्हती. आपल्या हातून कुणाचं तरी भलं व्हावं, याची मात्र फार घाई होती.

गावात कापडाचं एक मोठं दुकान होतं. त्याची एक शाखा धामणगावला होती आणि अकोल्याला मोठी शाखा निघायची होती. दुकानाच्या ओट्यावर तीन-चार शिंपी मशिनी टाकून बसत. आत कापड घ्यायचं, बाहेर शिवायला टाकायचं. त्यांच्यातले सगळ्यात जुने मास्टर आमच्या घरातल्या बायकांची पोलकी शिवत. मापाचं जुनं पोलकं एकदा दाखवलं की पुन्हा विचारायची गरज नसे. त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. आई ती लहान असतानाच गेलेली. बाप-लेक दोघंच.

पोरगी विलक्षण हुशार होती. भूमितीचं प्रमेय मी फळ्यावर अर्धं लिहिलं की ती मान डोलवायची. पुढचं तिला दिसलेलं असायचं.

त्याच वर्षी दुकानाच्या धाकट्या मालकांनी गरीब, हुशार मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. मॅट्रिकपर्यंत फी, पुस्तकं, वर्षाला दोन गणवेश. माणूस मनाने चांगला होता, हे मला आजही म्हणावं लागेल. अट दोनच. अर्ज मुलीच्या अक्षरात हवा, आणि दुकानाशी संबंध असलेल्या माणसांच्या मुलींनी अर्ज करू नये. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

ओट्यावर बसणारा शिंपी दुकानाचा माणूस म्हणायचा की नाही? मी विचारायला हवं होतं. पण नाही म्हणाले तर, या भीतीने विचारलंच नाही. मधल्या सुट्टीत मुलीला शिक्षकांच्या खोलीत बसवलं आणि अर्ज सांगत गेले. वडिलांच्या रकान्याशी आल्यावर म्हटलं, "लिही, वडील हयात नाहीत."

तिचा टाक थांबला. "बाई, पण अब्बा तर..."

"कागद आहे नुसता. कपाटात पडून राहील. लिही."

तिने लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली. मास्टर मला वाटेत भेटले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, आपल्याच मालकाचे उपकार झाले. पोरगी शिकून राहिली, मले आता काई नाई पाह्यजे."

ती अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, गेली त्या उन्हाळ्यात दुकानात तयार कपडे आले. ओट्यावर काचेची कपाटं बसवायची ठरली आणि शिंप्यांना आपापल्या मशिनी उचलायला सांगितलं. मास्टरांनी मशीन हातगाडीवर घालून घरी नेली. गिऱ्हाईक त्यांच्या गल्लीपर्यंत येईना. मुलीच्या अंगावरचा गणवेश मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच तयार आला होता. तो खांद्यात उतरत होता. त्यांनी तो घरी उसवून पुन्हा शिवला.

दिवाळीच्या आधी अकोल्याची शाखा उघडली. समारंभाला शिष्यवृत्तीच्या सगळ्या मुलींना बोलावलं होतं. मी तिला न्यायला घरी गेले तर मास्टर धुतलेला पायजमा घालून तयार.

"मी बी येतो बाई. मांगं बसून पाहीन. पोरगी स्टेजवर जाईन, हातात बक्षीस घेईन, कावून नाई यावं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. 'नका येऊ' असं म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. खरं कारण होतं, ते सांगायची हिंमत नव्हती. बडनेऱ्याहून आम्ही तिघं गाडीत बसलो. मास्टर वाटभर बोलत होते. लेक मॅट्रिक झाली की मास्तरीण होईल, तुमच्यासारखी, म्हणत होते.

दुकानासमोर मांडव होता. धाकटे मालक प्रत्येक मुलीचा अर्ज हातात घेऊन तिची माहिती लोकांना सांगत होते. हिची पाळी आली. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आईही नाही, वडीलही नाहीत. होय ना, बेटा?"

तिने समोर पाहिलं, मग बाजूला बसलेल्या माझ्याकडे. मी तेव्हा उठायला हवं होतं. 'चूक माझी आहे' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. मी मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान वर केली तेव्हा मागच्या रांगेत मास्टरही टाळ्या वाजवत होते. आजूबाजूचे वाजवत होते म्हणून. नजर कुठेच नव्हती.

परतीच्या गाडीत, मधल्या एका स्टेशनावर मास्टर एवढंच म्हणाले, "भूक लागली असंन पोरीले," आणि खाली उतरून तिच्यासाठी केळी घेऊन आले. तिने ती मांडीवर धरून ठेवली. खाल्ली नाहीत.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. दोन दिवसांनी मी घरी गेले तर मशीनवर बसलेली. मास्टर काकुळतीला येऊन सांगत होते, "जाय ना माय, परीक्षा देऊन टाक. मी काई बोललो का तुले?" तिने मान वर केली नाही. मी हात धरला तर हलकेच सोडवून घेतला. "बाई, आता नका म्हणू," एवढंच म्हणाली.

मॅट्रिकची परीक्षा तिने दिली नाही. पुढे वर्षभरात दोघं वरूडला मास्टरांच्या मेहुण्याकडे राहायला गेली, असं कळलं.

मला जायला दोन वर्षं लागली. संत्र्यांचे दिवस होते. रस्त्याला ट्रक उभे, सगळीकडे पेट्या आणि वाळलेलं गवत. मास्टर फार थकले होते. लेकीचं लग्न झालं होतं, ती सासरी मोर्शीला होती. त्यांनी मला खाटेवर बसवलं, शेजारून चहा मागवला. मी बोलायची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

"बाई, तुमी तिच्यावर राग नका धरू. लहान होती. बाप शिंपी, त्यातून बेकार, चार लोकांत लाज वाटली असंन तिले. म्हणून लिवलं असंन तिनं अर्जात. मी कवाच माफ केलं."

म्हणजे तिने सांगितलंच नव्हतं. ती ओळ कुणी लिहायला लावली, ते तिने बापालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या मनातून स्वतः उतरली, पण माझं नाव घेतलं नाही.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. चहा संपला. त्यांनी पिशवीभर संत्री माझ्या हातात दिली, मी घेतली, आणि ते मला मोटारस्टँडपर्यंत पोचवायला आले.