आधी बोर फोडायचं

माझा भाऊ इस्राएलहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत बाबांसाठी रक्तदाब मोजायचं मशीन होतं, लोकरीचे मोजे होते, खजुराचे डबे होते. सवड तेवढी तो तिकडेच विसरून आला होता. पायातले बूटही काढले नव्हते, तेवढ्यात दारातूनच मला म्हणाला, "ताई, बाबा इतके काहून वाळले? त्यायले जेवाले देतं ना तू?"

माझं डोकं तिथंच फिरलं. वर्षानुवर्षं फोनवरून 'काळजी घे' म्हणणाऱ्या माणसानं मला हे विचारावं. त्याचा चहा ठेवला आणि साखर घालायची विसरले. विसरले म्हणजे घातली नाही.

आम्ही बेने इस्राएल, ज्यू. मूळचे कोकणातले. बाबा तरुणपणी इकडं विदर्भात राजूरच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला लागले आणि वणीचेच होऊन गेले. गावात आमचं हे एकच घर. आसपासच्या लोकांना आमचं नेमकं काय ते कधी कळलं नाही. 'शनवारी सुट्टी पाळणारे' एवढ्यावर ते समाधानी आहेत आणि आमचंही त्यावाचून काही अडलेलं नाही. मी इथल्याच शाळेत गणित शिकवते. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी.

काहीही खाण्याआधी बेराखा म्हणायची, म्हणजे ज्यानं ते अन्न निर्माण केलं त्याचं नाव घेऊन त्याला धन्यवाद द्यायचे, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, पोळीची वेगळी. आमच्या बाबांच्या लेखी मात्र बेराखा शेवटी यायची. त्याआधी टेबल पुसायचं, कारण वणीत टेबल पुसून पाठ फिरवली की त्यावर कोळशाची धूळ बसते. डोक्यावर टोपी. पोळी असेल तर तांब्यानं दोन्ही हातांवर पाणी ओतून घ्यायचं आणि पहिला घास गिळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तोंडात आधीचं काही असता कामा नये. जे खायचं ते उजव्या हातात हवं. त्याची बेराखा कुठली हे आधी मनात पक्कं हवं, नाव तोंडात घेतल्यावर अडखळायचं नाही. आणि फळ असेल तर ते आधी फोडून बघायचं.

हे फोडायचं फार कडक होतं. हिवाळ्यात आम्ही पोरं खिसे भरून बोरं आणायचो आणि बाबा एकेक बोर बोटांनी उकलून आत बघायला लावायचे. बोरात अळी निघाली आणि तुम्ही बेराखा आधीच म्हणून बसलात, तर देवाचं नाव फुकट गेलं. "आधी फोड, मंग बोल," ते म्हणायचे. खाणीत ते सरदार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी सरदारानं पुढं जायचं, काठीनं वरचा दगड ठोकून आवाज ऐकायचा आणि तो भरीव वाटला तरच माणसं आत घ्यायची. तिथं त्यांना कुणी घाई केली असती तर त्यांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. घरी ते तशीच बोरं बघायचे. आणि कधी कधी सगळं तयार असूनही ते पोळी समोर घेऊन नुसतेच बसून राहायचे. आम्ही भाऊबहीण टेबलाखाली एकमेकांना लाथा मारत वाट बघायचो. का बसलेत, हे आम्ही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डोकं जागेवर राहिलं, हे चांगलं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. कारण डोक्यात सगळे नियम शाबूत होते. घास डाव्या हातात घ्यायला ते तयार नव्हते. डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवायचे, त्याची बोटं एकेक करून उघडायचे, त्यात पोळीचा तुकडा ठेवायचे आणि बोटं मिटायचे. मग ओठ हलायला लागायचे. आवाज नाही. अख्खी बेराखा ते आधी मनात म्हणून बघायचे, शेवटपर्यंत जमते का ते. अर्ध्यात जीभ अडकली तर नाव फुकट जाईल ही भीती. पुढचा शब्द मी सुचवलेला त्यांना चालायचा नाही. तोपर्यंत वरण थंड, भात थंड, माझी शाळेची वेळ झालेली. दिवसभरात ते तीनचार घासांवर यायला लागले होते. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

मला राग यायचा. वाटी आपटून ठेवायचे मी. त्यांना काही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून वाटीला.

भाऊ आला त्या दिवशी दुपारी त्यानं बाबांच्या समोर ताट मांडलं, खिशातून फोन काढला आणि पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला. बोटानं दाबलं. फोनमधून कुणीतरी धडधाकट गळ्याचा माणूस खणखणीत आवाजात पोळीची बेराखा म्हणाला.

"आता फक्त आमेन म्हणा बाबा, आन खा," भाऊ म्हणाला. "झालं काम."

बाबांनी फोनकडे बघितलं. मग भावाकडे. आणि तोंड मिटून घेतलं.

"फोननं हात कुठे धुतले?" मी विचारलं.

"ताई, टोमणे नको मारू. आजारी माणसाले सूट असते."

"मंग सूट घ्या म्हणून त्यायले सांग. फोनले काय सांगून राह्यला?"

त्यानं पुन्हा दाबलं. तो माणूस पुन्हा म्हणाला. मला त्या गळ्याचा इतका संताप आला की फोन उचलून वरणात बुडवावासा वाटला. बाबांनी त्या दुपारी काही खाल्लं नाही आणि संध्याकाळीही नाही. आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून बोलत राहिलो. तो म्हणे, तुझ्या लाडानं हे असे हट्टी झाले. मी म्हणे, दोन आठवडे येऊन शहाणपण शिकवायला काय जातं. शेजारच्या काकू दळण घेऊन आल्या होत्या, त्या पिठाचा डबा ओट्यावर ठेवून न बोलता निघून गेल्या. त्या कधीच न बोलता जात नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ शाळेच्या पोरासारखा बाबांच्या घासांचा तक्ता करून भिंतीला लावतो की काय असं मला वाटत होतं, पण त्याला वेगळंच सुचलं. जाण्याआधी बाबांसाठी मलिदा करायचा. एलियाहू पैगंबराचं स्मरण करून आमच्यात हा विधी करतात, नवसाला, लग्नाला, कुणी बरं व्हावं म्हणून. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं मांडायची आणि प्रत्येक फळाची बेराखा म्हणून ते वाटायचं. ही कल्पना मला आवडली, त्याचाही राग आला.

त्याच्या जायच्या दिवशी मी पोहे भिजवले, नारळ खवला. फळांत केळी, पेरू, सफरचंद, त्यानं आणलेले खजूर आणि काकूंनी त्यांच्या वावराच्या धुऱ्यावरून आणून दिलेली बोरं. बोरं बाबांसाठी. बोरं बघून बाबांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा हलला. काकू येऊन बसल्या, डोक्यावर पदर घेऊन. नागपूरला जायची गाडी दाराशी येऊन थांबायची होती, त्यामुळे भाऊ उभ्यानंच सुरू झाला. एक डोळा घड्याळावर. शब्द एकमेकांवर पडत होते. खजूर झाला, केळं झालं. मग त्यानं बोर उचललं, बेराखा म्हणाला आणि अख्खं तोंडात टाकून चावलं.

त्याचं तोंड थांबलं. त्यानं हातावर थुंकलं. अळी होती.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षांचा असताना त्याला हे माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं. मग तो बोलला. पुढं काय काय निघालं ते मला लिहायचं नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत कोण कुठे होतं इथपर्यंत गेलं. काकूंसमोर. त्या मधेच म्हणाल्या, "अवं बाई, जेवणाच्या पुढ्यात कायले भांडून राह्यले?" पण आम्हाला कुणाचं ऐकायचं नव्हतं.

बोलता बोलता माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांनी डाव्या हातानं एक बोर फोडलं होतं. टेबलावर ठेवून अंगठ्यानं दाबून उकललं असणार. आत बघितलं होतं. बोर चांगलं होतं. ते उजव्या हाताच्या बोटांत ठेवून, टोपी नीट करून ते बसले होते. ओठ हलत नव्हते. म्हणजे मनातली उजळणी झाली होती.

भावानंही ते बघितलं. एकदम नरमून म्हणाला, "म्हणा बाबा. म्हणा ना."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मग खूप वेळानं, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाले, "तुमचं... होऊ द्या... आधी."

बाबांनी डावा हात उचलून हवेत फिरवला, भाऊ, मी, ताट, सगळ्यावरून. "राग... असतानी... नाई म्हणत."

दाराशी गाडी हॉर्न देत होती. भाऊ बाबांच्या पायाशी बसला, डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं आणि उठून गेला. काय करणार, विमान थांबत नाही. जाताना मला म्हणाला, "पाह्यजो त्यायले." मी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. काकूंनी मलिद्याचे पोहे झाकून ठेवले आणि गेल्या. बोर बाबांच्या हातात तसंच.

मग मला सगळं उलटं दिसायला लागलं. लहानपणी ते पोळी समोर घेऊन बसायचे ते आमच्या लाथा थांबायची वाट बघत. आणि या सगळ्या महिन्यांत, ते शब्दांसाठी थांबतात असं मी धरून चालले होते. थोडे शब्दांसाठी थांबत असतील. बाकीचा वेळ ते माझ्यासाठी थांबत होते. मी वाटी आपटून ठेवायचे आणि समोर बसून घड्याळ बघायचे, आणि ते टेबलावरची ही धूळ जायची वाट बघत उपाशी राहत होते.

यानं मी शांत झाले असेन असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मी जास्तच भडकले. टेबल मी पुसायचं, हात मी धुवायचे, बोरं मी फोडायची, रात्री कूस मी बदलून द्यायची, आणि आता रागही मीच धुवून यायचा? आणि नाही धुतला तर हा माणूस माझ्यासमोर बसून वाळत जाणार?

मी मागच्या मोरीवर गेले. नळ मोठा सोडला आणि भावाला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. मोठ्यानं. पलीकडच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तोंड धुतलं, आत आले, बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "झालं बाबा. म्हणा."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वरचा दगड ठोकून बघावा तसं. आणि नाही म्हणून मान हलवली.

मी परत मोरीवर गेले. या वेळी शिव्या निघेनात. भाऊ संपला होता, डॉक्टर संपले होते, शाळा संपली होती. उरला होता तो एकच. ज्याचं नाव फुकट जाऊ नये म्हणून आम्ही जन्मभर बोरं फोडली, त्यानं माझ्या बापाची जीभ नेली. उजवा हात नेला. नेमका उजवा. माझा राग त्याच्यावर होता आणि रोज तीन वेळा मी त्याच राग असलेल्या तोंडानं आमेन म्हणायला बसत होते. ते मी त्याला सांगितलं. नळ बंद करून सांगितलं, ऐकू जावं म्हणून. कसं सांगितलं ते माझं मला. रडले, खूप.

आत आले तेव्हा उजेड कमी झाला होता. दिवा लावला. टेबलावर पुन्हा धूळ बसली होती, ती पुसली. बाबांच्या समोर बसले आणि या वेळी काही म्हणाले नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग गेला होता का? सगळा नव्हता गेला. पण आत काय आहे ते उघडून बघून झालं होतं. बाबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, बोरासकट छातीशी आणला आणि सुरुवात केली. "बारूख..." दोन शब्द नीट आले. मग जीभ अडली. मला पुढचा शब्द माहीत होता, ओठांवर होता. मी तोंड मिटून बसले. अडलेली जीभ तिथंच धडपडत राहिली, त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि मग ती सुटली आणि शेवटपर्यंत गेली.

"आमेन," मी म्हणाले.

बोराचा गर काढून त्यांच्या तोंडात ठेवला. त्यांनी हळूहळू चावला, गिळला आणि डाव्या हातानं रिकामी उजवी मूठ माझ्याकडे सरकवली.

"अजून," बाबा म्हणाले. "फोड."