उपाशी खाचर

नसरापूरच्या चौकात बाबांनी माझी गुंडाळलेली गादी वेल्ह्याला माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपच्या टपावर चढवली आणि ड्रायव्हरला तीन वेळा सांगितलं, "दोरी घट्ट बांधा हं." आई आमच्या गाडीतून उतरलीच नाही. उतरली असती तर रडली असती, आणि भोरच्या ओळखीच्या कुणीतरी ते पाहिलं असतं. काच खाली करून ती एवढंच म्हणाली, "तिथे कुणी काही विचारलं तर मोठ्याने बोल. पुटपुटू नकोस." हे ती मला बालवाडीपासून सांगत आली आहे.

त्याच आठवड्यात आपल्या शाळेच्या ग्रुपवर विमानतळावरचे फोटो येत होते. तुमच्यातला एक डब्लिनला निघाला होता, दोघी टोरंटोला. बॅगा वजनकाट्यावर, आईवडील काचेपलीकडून हात हलवत. माझा फोटो कुणी काढला नाही. मी भोरहून वेल्ह्याकडे चालले होते, आणि मध्ये फक्त एक नसरापूर लागतं. तुम्ही 'हॅपी जर्नी' लिहून शेजारी हसणारे चेहरे टाकलेत. मी नुसता अंगठा पाठवला. त्याचं नीट उत्तर आता, दुसरा हंगाम संपत आल्यावर लिहिते आहे. आईबाबांनीही वाचावं, कारण फोनवर मी त्यांना "ठीक आहे" याच्या पुढे फारसं काही सांगत नाही.

काम साधं होतं. शेतीची पदवी झाल्यावर मला एका भात संशोधन प्रकल्पात जागा मिळाली, तीही एका हंगामापुरती. वेल्ह्याच्या पुढे डोंगरउतारावर भाताची छोटी छोटी खाचरं आहेत, कुणाची दहा गुंठे, कुणाची पंधरा. तिथे पाऊस इतका की हाताने फेकलेलं खत निम्मं वाहून ओढ्याला जातं. म्हणून खताच्या दाबून केलेल्या गोळ्या चिखलात खोचायच्या, दर चार रोपांच्या मधोमध एक. कमी खतात तेवढंच किंवा जास्त भात येतं का, हे बघायचं होतं. त्यासाठी तीन सारखी खाचरं हवी होती. एकात नेहमीसारखं खत फेकायचं, एकात गोळ्या, आणि तिसऱ्यात काहीच घालायचं नाही. या तिसऱ्याशी बाकी दोघांची तुलना.

ही तीन खाचरं नानांची होती. नाना आणि त्यांची बायको इंदुमावशी, दोघंच घरात. मुलगा-सून पुण्याला, त्यामुळे त्यांची खोली मला मिळाली. पहिल्या दिवशी मी खिशातून कागद काढून सगळा प्रयोग समजावला. मला 'टिलर' माहीत होतं, 'फुटवे' माहीत नव्हतं. 'वीडिंग' माहीत होतं, त्याला इथे बेणणी म्हणतात ते नव्हतं. "आणि हे तिसरं आपलं कंट्रोल," असं मी म्हटल्यावर नाना गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी रेशनचं?" मी हो-नाही करेपर्यंत मावशी पुढे सरसावल्या.

"ह्याला कायबी घालायचं न्हाई?"

"नाही."

"श्यान बी न्हाई?"

"नाही, मावशी."

"मंग लावायचं कशापायी?"

मी 'तुलनेसाठी' असं काहीतरी पुटपुटले. त्या गप्प बसल्या, आणि त्यांना पटलं असं मी धरलं. मी स्वतः आयुष्यभर न पटलेल्या गोष्टींवर गप्प बसत आले आहे, तरी मला ते कळलं नाही.

लावणी झाली. मी रोज सकाळी फूटपट्टी आणि वही घेऊन खाचरात उतरायचे. पहिला महिना मला फार एकटं वाटलं, हे आता सांगायला हरकत नाही. गावात रेंज नव्हती. दर मंगळवारी एसटीने वेल्ह्याला जाऊन रीडिंग पाठवायचे, तेवढ्यात तुमचे फोटो बघून घ्यायचे. तुमच्याकडे ट्राम होत्या, रात्री नऊपर्यंतचं ऊन होतं. माझ्या पायाला जळवा होत्या. बाबा म्हणाले होते, "दोन महिने बघ, नाही जमलं तर परत ये. त्यात कमीपणा नाही." दोन महिने कधी भरतात हे मी कॅलेंडरवर मोजत होते.

आणि मग कधीतरी मोजायचं राहून गेलं. कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही. मावशी माझ्यासाठी नाचणीची भाकरी पातळ थापायला लागल्या, कारण जाड मला चावत नाही हे त्यांनी मी न सांगता ओळखलं होतं. बेणणीच्या बायका मला बांधावर जागा करून द्यायला लागल्या. मी फार बोलत नाही याचं त्यांना काही वाटत नव्हतं. एक म्हणाली, "बरं हाय, आमी सगळ्या बोलतो, आयकायला बी कुणीतरी पायजे."

ऑगस्टअखेर तिसरं खाचर ठरल्याप्रमाणे पिवळं पडलं. मला आनंद झाला. आकडे हवे तसे येत होते. पण ही खाचरं एसटी थांब्याकडे जाणाऱ्या वाटेवर होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबून एक वाक्य टाकून जायचा. "काय इंदे, ह्या तुकड्याशी भांडान झालंय व्हय?" "नाना, म्हातारपणी शेती इसरला का काय?" मी हे सगळं ऐकत होते आणि त्यातलं काहीही माझ्या वहीत लिहीत नव्हते, कारण वहीत फक्त रोपांची उंची होती.

सप्टेंबरच्या मध्याला मात्र काहीतरी बिघडलं. पानांचा रंग मोजायची एक पट्टी असते, फिकट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत. तिसऱ्या खाचराची पानं त्या पट्टीवर एकेक घर पुढे सरकू लागली. मला वाटलं, चूक माझीच. बांध फुटून वरच्या खाचराचं पाणी उतरत असेल. मी बांध तपासला, दोन ठिकाणी खेकड्याची बिळं बुजवली. पानं हिरवी होतच राहिली. महिनाअखेर गोळीचं खाचर आणि उपाशी खाचर शेजारी उभं राहून बघितलं तर सहज फरक कळेना.

एका मंगळवारी वेल्ह्याहून परतताना मी थांब्यावरून थेट खाचरावर गेले. तिसऱ्या बांधावरच्या ओल्या मातीत गोल ठसे होते. बादलीच्या बुडाचे, दर आठ-दहा पावलांवर एक. जवळच्या पानांवर शेणाचे शिंतोडे होते, अजून ओले. मी घरी आले तेव्हा मावशी गोठ्याबाहेर बादल्या विसळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज लवकर आलात ताई." मी "हो" म्हटलं आणि खोलीत गेले.

दर मंगळवारी, मी नसताना, त्या तिसऱ्या खाचराला शेणाचा काला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, घालत होत्या.

पाच दिवसांनी शिवारफेरी होती. प्रकल्पाचे सर येणार होते, आणि आसपासच्या तीन-चार गावांतले शेतकरी. सगळ्यांनी खाचरं बघून ठरवायचं होतं, गोळीत काही दम आहे का. फरक दिसला नाही तर लोक गोळी विसरणार, आणि सर प्रयोग पानशेतच्या बाजूला हलवणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग मलाही गादी पुन्हा टपावर चढवावी लागली असती. आणि खरं काय झालं ते सांगितलं, तर मावशींची चारचौघांत शोभा होणार. सरांना मी दुसऱ्याच दिवशी वेल्ह्याला जाऊन कळवायला हवं होतं. कळवलं नाही. पाच दिवस पातळ भाकऱ्या खाल्ल्या आणि गप्प बसले.

शिवारफेरीला बांध माणसांनी भरला. सरांनी गोळीबद्दल छान सांगितलं. मग एका शेतकऱ्याने टोपी मागे सरकवत विचारलं, "साहेब, पन फरक कुठं हाय? हे तर बिनखताचं बी हिरवंगार. म्हंजी खतच कशाला, न्हाई का?" सगळे हसले. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. बहुधा कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून परत म्हटलं. "या खाचराला शेणाचा काला मिळालाय. माझं लक्ष नव्हतं. त्यामुळे यावरून काही ठरवू नका. गोळी वाईट नाही."

कोणी घातला हे मी सांगितलं नाही, आणि सांगणार नव्हते. पण मागून आवाज आला.

"तिची चूक कशापायी? म्या घातलाय! दर मंगळवारी, धा धा बादल्या." मावशी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद. "एका पंगतीत तीन लेकरं बसवायची, दोघांना वाढायचं आन तिसऱ्याला नुसतं बघत ठिवायचं? आन लोकं जाता-येता मला नावं ठेवणार. तिला कोण काय म्हणतंय? ती शिकल्याली!"

मग नाना म्हणाले, "तरीच म्हनलं, गोठा एवढा चकाचक कसा ऱ्हातोय." आणि सगळा बांध हसला. मावशीही हसल्या, पण डोळे पुसत.

सर हसले नाहीत. "हे आकडे बाद," ते म्हणाले. बरोबरच होतं. तेवढ्यात पलीकडच्या गावची एक बाई म्हणाली, "दहा बादल्यांत एवढं सुधारलं, तर मग गोळी आन काला दोनी घातलं तर काय व्हईल? गोळ्या निम्म्या लागतील का?" सरांनी तिच्याकडे बघितलं, मग खाचराकडे. "माहीत नाही," ते म्हणाले. "बघावं लागेल." मोठ्या माणसाला चारचौघांत 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुला कधीपासून ठाऊक होतं?" मी सांगितलं, पाच दिवस. ते रागावले, नीट रागावले, आणि मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी इथेच करू. त्या बाईंनी विचारलं ते चौथं खाचर पण घेऊ. पण तिसरं उपाशी राहिलं पाहिजे. ते जमत नसेल तर आत्ताच सांग." मी म्हटलं, विचारून सांगते.

मावशींनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एक अट घातली. खाचरावर पाटी लावायची, त्यावर माझं नाव. "लोकांनी नावं ठेवायची ती तुला. माझा काय संबंध न्हाई." त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करतात. पाटी नानांनी स्वतः रंगवली. 'हे खाचर ताईंचे आहे', आणि खाली बारीक अक्षरात, 'तक्रार तिकडेच करावी'.

यंदा माझं खाचर पिवळं ते पिवळंच राहिलं. शेजारी गोळीचं गच्च भरलं, आणि गोळी-काल्याचं चौथं तर बायकाच रोज तपासतात, मला वहीत काय लिहायचं ते सांगतात. तीन घरांनी पुढच्या वर्षासाठी गोळ्या मागितल्या आहेत. आणि वाटेवरची सगळी वाक्यं आता माझ्या वाट्याला येतात. "ताई, तुमचं खाचर बघून डोळं दुखत्यात." "ताई, लगीन झाल्यावर सासूला दावू नका बरं हे." सुरुवातीला मी मान खाली घालून पुढे जायचे. आता उत्तर देते. "तुमच्या मिशांपेक्षा दाट आहे, काका."

मागच्या महिन्यात आईबाबा आले. वाटेत त्यांना एका म्हाताऱ्याने थांबवून सांगितलं, "पोरगी तुमची गुणाची हाय, पन शेतीत राम न्हाई तिच्या." आईला राग आला. डिग्रीत पहिली आलेली मुलगी, आणि कुणीही येऊन काहीही बोलतं! मावशींनी तिला चहा दिला, समजूत घातली, आणि वर, "खरं हाय पन ते," असंही म्हणाल्या. मी हसत होते. आईला ते कसं समजवावं मला कळलं नाही, म्हणून इथे लिहिते.

भोरला गेले की लोक विचारतात, कधी आलीस, किती दिवस आहेस. तुम्हालाही तिकडून आल्यावर हेच विचारत असतील. विचारणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही, पाहुण्यांना हेच विचारतात. पण पाहुण्याच्या शेतीला कुणी नावं ठेवत नाही. भोर माझं आहेच, आईच्या स्वयंपाकघरातला कुठला डबा कुठे आहे हे मला डोळे मिटून सांगता येईल. इथलं नातं वेगळं आहे. इथे माझं काहीतरी आहे आणि ते वाईट आहे, आणि त्याबद्दल मला रोज कुणीतरी जाब विचारतं.

पुढच्या आठवड्यात कापणी. एकमेकींकडे पाळीपाळीने कामाला जाणाऱ्या बायकांनी क्रम ठरवलाय. सुरुवात माझ्या खाचरापासून करायची म्हणतात. चहाचं आधण उकळायच्या आत ते उरकेल.