वीस म्हणी हवापाण्याच्या

इंग्रजीत मी दोनदा नापास झाले होते. या वेळी लेखी पेपर कसाबसा सुटला, राहिली तोंडी परीक्षा. वीसपैकी आठ गुण मिळाले तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश, नाहीतर वर्षभर घरी. आमच्याकडे कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी बसलेली मुलगी पुढच्या वर्षी खरंच परत जाते का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं.

रोह्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी वीस इंग्रजी म्हणींची यादी दिली होती, सगळ्या हवापाण्यावरच्या. कुत्री-मांजरं पडावीत तसा पाऊस. चहाच्या कपातलं वादळ. बरं नसलं की म्हणायचं 'अंडर द वेदर'. यातली कुठली विचारतील सांगता येत नव्हतं, म्हणून मी वीसच्या वीस पाठ करत होते. हमरापूरला आमची गणपतीच्या मूर्तींची शेड आहे. जुलै महिना, शाडूच्या मूर्ती सुकत नव्हत्या. हॅलोजनच्या दिव्यासमोर एकेक मूर्ती फिरवत मी पुटपुटायचे.

"काय गो, कुणाला शिव्या देतेस?" आईनं विचारलं.

"इंग्रजी म्हण आहे. प्रत्येक काळ्या ढगाला चांदीची किनार असते."

"कोण बोल्ला? त्याला म्हणावं हमरापूरला ये. आठ दिस झाले, एक मूर्ती सुकली नाय. कुठं हाय किनार ती दाखव म्हणावं."

मी दुसरी सांगितली. ऊन असेपर्यंतच सोबत राहणारा मित्र, 'फेअर वेदर फ्रेंड'.

"हा आपला मुंबईचा गिऱ्हाईक," आई म्हणाली. "पाऊस लागला की फोन उचलत नाय मेला."

मी हसले. पण रात्री जागून पाठ केलेलं तेवढ्यात डोक्यातून गेलं, आणि मला आईचा राग आला. तिला काय, तिला परीक्षा नव्हती. असं मनात आलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी अंबा नदीला पाणी चढलं होतं. रोह्याची गाडी नागोठण्याच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली. खिडकीबाहेर बघायचं धाडस होत नव्हतं. वही उघडली तर अक्षरं कळेनात. मी फक्त "चल, चल" म्हणत राहिले, जणू गाडीला ऐकू जाणार होतं.

पोचले तेव्हा सगळ्यांची परीक्षा झाली होती. सर कागद आवरत होते.

"भिजलीस? बस. खुर्ची ओली झाली तरी चालेल."

पहिल्या दोन म्हणींचे अर्थ मी सांगितले. मग सर म्हणाले, "एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग. तुझ्या आयुष्यातलं उदाहरण दे. इंग्रजीत."

गाइडमध्ये एका शास्त्रज्ञाचं उदाहरण होतं, तेच मी पाठ केलं होतं. माझ्या आयुष्यातलं कुठून आणू?

आमच्या शेडमध्ये मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असली की कोणी बोलत नाही. ब्रश टेकवण्याआधी श्वास धरायचा आणि रेघ पुरी झाली की सोडायचा. आठवीपासून मी आखणी करते. तिथे चुकीला जागा नसते, म्हणून गप्प राहायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की त्या खुर्चीवरही मी तेच केलं. श्वास धरला. ओठ मिटले. सर वाट पाहत होते आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत होते.

"पाठ नाही केलंस?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

"सर, एकदा परत विचारा."

"सगळ्यांना एकदाच विचारलंय गं."

"सर, प्लीज." आणि ते नको म्हणायच्या आत मी सुरू केलं. मोडक्या इंग्रजीत. आठ दिवस ढग आहेत, मूर्ती ओल्या आहेत, आईचे हात फुटलेत, किनार मी शोधली, मला दिसली नाही. क्रियापदं चुकत होती. मला रडू येत होतं, पण मी थांबले नाही.

सरांनी परत पेन उचललं. "हे मघाशी का नाही बोललीस?"

त्यांनी माझ्या नावापुढचा आकडा खोडून नवा लिहिला आणि कागद माझ्याकडे वळवला. चाराचे सहा झाले होते.

"याहून जास्त मला देता येत नाही. उदाहरण विचारलं होतं, तू म्हण खोटी ठरवलीस. बाकीच्यांवर अन्याय होईल."

आठाला दोन गुण कमी. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. आता गेले तर परत येणं होणार नाही, एवढंच कळत होतं.

"सर, मी यंदा ज्युनिअरांच्या वर्गात येऊन बसू?"

"हजेरी लागणार नाही."

"चालेल."

"पहिला तास साडेसातला असतो."

आमच्याकडची पहिली गाडी रोह्याला आठनंतर पोचते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"येते सर," मी म्हणाले.