डावी बाही

माझे साडू गुरुवारी सकाळी गेले. शुक्रवारी नगरमध्ये दोन सिनेमे लागले. ते त्यांनी पाहिले नाहीत.

नगरच्या पडद्यावर आलेला आणि माझ्या साडूंनी न पाहिलेला सिनेमा त्याआधी नव्हता, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि या नगरात चाळीस वर्षांत जो सिनेमा आला तो त्यांनी पहिल्याच शुक्रवारी पाहिला, बाराच्या खेळाला, दोन असले तर दुसरा तीनला. चांगला पाहिला, वाईट पाहिला, ज्याला ते धरून चारच प्रेक्षक होते तोही पाहिला. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. त्यांनी मात्र मला शेवटपर्यंत 'पाव्हनं' म्हटलं, जणू मी कालच चहाला आलो होतो. भिंगारच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. छावणीतल्या जवानांचे गणवेश ते शिवत, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या लावून देत. मी नगरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. आमच्यात समान असं काहीच नव्हतं, दोघांच्या बायका सोडल्या तर.

शुक्रवारी साडेअकराला दुकानाच्या दारावर एक पुठ्ठा लटकायचा: 'माप घ्यायला गेलो आहे'. गिऱ्हाइकांना तो पाठ झाला होता. एकदा एका सुभेदारसाहेबांना दुसऱ्या दिवशी परेडला नवा गणवेश घालायचा होता आणि पॅन्टची उंची राहिली होती. ते पुठ्ठा वाचून थेट थिएटरवर आले. मध्यंतरात दाजींनी त्यांना वड्याच्या कढईशेजारी उभं केलं, गळ्यातली टेप काढून माप घेतलं, खिशातल्या खडूने खूण केली आणि मग आलाच आहात तर उरलेला सिनेमा बघून जा म्हणून शेजारी बसवून घेतलं. सुटलेला पहिला अर्धा भाग त्यांनी सुभेदारांना अंधारात सांगितला. त्यात गोष्ट जवळजवळ नव्हती. नायिकेच्या झग्याचा घेर होता, खलनायकाच्या कॉलरची टोकं होती, आणि पोलिसाच्या खांद्यावरची चुकीची पट्टी होती. ती ऐकून सुभेदार असे खवळले की पुढचा सिनेमा त्यांनी पोलिसाकडे बघण्यात काढला. गणवेश सकाळी वेळेवर मिळाला.

कारण दाजी सिनेमा पाहत म्हणजे कपडे पाहत. दर गुरुवारी संध्याकाळी ते वाचनालयात येऊन वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान उघडत आणि उद्या काय लागतंय ते बोट ठेवून वाचत. शनिवारी पुन्हा येत, निकाल सांगायला. निकाल एका वाक्याचा असे. मारधाडीच्या एका सिनेमाबद्दल ते म्हणाले होते, "हिरोनं पन्नास जन लोळवले, पर बगलेतली शिलाई उसवली न्हाई. असला दोरा कुठं मिळतो तेवढं विचारा." एका ऐतिहासिक सिनेमातल्या अंगरख्याला सरळ टीप होती, त्या काळात मशीन कुणाकडे होतं, हा प्रश्न त्यांना दोन आठवडे पुरला. आणि पडद्यावरच्या शेतकऱ्याच्या सदऱ्याला कडक इस्त्री दिसली की त्याच्या गावात दिवसा लाईट असते वाटतं, असं ते माझ्या कानात म्हणत. मी सिनेमाबद्दलची पुस्तकं वाचलेला माणूस. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे ते मी त्यांना समजावून सांगे. ते ऐकून घेत. कापड घेताना गिऱ्हाईक भाव ऐकून घेतो, तसं.

एकाच सिनेमाने त्यांना खरोखर दुखावलं. ऊसतोड कामगारांवरचा होता. सगळ्यांनी वाखाणला, मीही वाखाणला. दाजी मध्यंतराच्या आधीच उठून बाहेर गेले. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं, म्हणून मीही मागे गेलो. ते सायकलस्टँडच्या कठड्यावर बसले होते. त्यांचं गाव पाथर्डीकडचं. आईबाप दर हंगामाला देवळाली प्रवराच्या बाजूला उसाला जात आणि दाजींचं लहानपण उसाच्या फडात गेलं होतं, हे मला ऐकून ठाऊक होतं. ते त्यावर बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"माझी आई साडीवर बापाचा सदरा घालायची. समद्या बाया घालतात, उसाचं पाचट कापतं म्हनून. उजव्या हातात कोयता, अन् डाव्या हातानं ऊस कवेत घ्यायचा. मंग आधी फाटंल कुठली बाही? डावी. ह्यांनी ठिगळ लावलंय उजवीला."

मी म्हटलं, दाजी, एवढं कोण बघतं?

"कुनी बघत न्हाई, तेच म्हनतोय मी," ते म्हणाले.

ती फाटकी डावी बाही संध्याकाळी फडाशेजारच्या पालात बसून ते स्वतः शिवून देत. वय आठ-नऊ. त्यांची पहिली शिलाई ती. आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. एवढे सिनेमे निघतात, एवढी माणसं पडद्यावर येतात, एकदा तरी कुणीतरी ती बाही बरोबर दाखवावी, एवढंच त्यांना बघायचं होतं. चाळीस वर्षांच्या शुक्रवारांचं कारण मला त्या कठड्यावर कळलं. त्यानंतर मी त्यांना दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे ते सांगणं सोडून दिलं.

नगरला येणाऱ्या सिनेमांत ती बाही सापडेना, म्हणून आम्ही पुण्याला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जाऊ लागलो. माळीवाड्याहून पहाटेची एसटी, मुक्काम दाजींच्या भाचीकडे, आणि दिवसाला चार-चार देशांचे सिनेमे. महोत्सवाचं फोटो लावलेलं कार्ड दाजी गळ्यात घालत ते परत आल्यावरही होळीपर्यंत काढत नसत. दुकानात टेप आणि कार्ड एकमेकांत गुंतायची. तिथल्या सिनेमांना मध्यंतर नसतं, हे त्यांना कधीच पटलं नाही. मध्यंतर नसलेला सिनेमा म्हणजे अस्तर नसलेला कोट, असं त्यांनी रांगेतल्या एका दाढीवाल्या तरुणाला सांगितलं आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. पडद्याखाली इंग्रजीत उमटणाऱ्या ओळी दाजींना वाचता येत नव्हत्या आणि त्यांची त्यांना गरजही वाटत नव्हती. मी मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत राहायचो. बाहेर आल्यावर चहा घेताना मी गोष्ट सांगायची आणि त्यांनी कपडे. कधीकधी दोन्ही एकाच सिनेमाचे आहेत यावर विश्वास बसत नसे. बर्फाळ देशातल्या एका सिनेमानंतर ते फार कष्टी झाले होते. सबंध सिनेमात त्या माणसाला एकच कोट, लई गरिबी, म्हणाले. मी सांगितलं की दाजी, सिनेमा एकाच दिवसाचा आहे. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, "मंग कोट दुसरा असंल त्याच्याकडं. मी उगीच जीव जाळला." गोष्ट सांगून मी त्यांना दिलासा दिला, असा हा एकमेव प्रसंग.

मग एका जवानाने गणवेश परत आणला. नावाची पट्टी तिरकी लागली होती. तो नुसता काउंटरवर ठेवून उभा राहिला. दाजींनी उसवून पुन्हा लावली. पुन्हा तिरकी. तिसऱ्यांदा त्यांनी बायकोला, आमच्या आक्काला, बोलावलं आणि तिला बोट फिरवून बघायला सांगितलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं गेलं होतं, मधलं थोडं उरलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. मला त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं: "काजातनं बघितल्यावानी दिसतंय, पाव्हनं." बटणाच्या भोकातून जेवढं जग दिसेल तेवढं. त्यांनी शिवणं सोडून मशीनवर कापड टाकलं. शुक्रवार टाकला नाही. पडदा एकदम दिसत नसे, म्हणून मान हळूहळू या कडेपासून त्या कडेला फिरवून ते तो गोळा करत. पुढच्या वर्षी मधलंही धूसर झालं.

त्या हिवाळ्यात महोत्सवाच्या यादीत मला एक सिनेमा सापडला. समुद्रापलीकडच्या एका देशातला, उसाच्या मळ्यातल्या मजूर बाईवरचा. दाजींना सांगू की नको, यात मी आठवडा घालवला. सांगितल्यावर ते उठून पिशवी भरायला लागले. आक्का दारात उभी राहिली. रागाने नाही, पण दारात.

"दिसत न्हाई तर पुन्याला काय वास घ्यायला चाललाय?"

"पाव्हनं हायेत की."

"ह्या पाव्हन्यांना ताटातलं मीठ दिसत न्हाई. ह्ये काय बघनार?"

आक्काचं खरं होतं. तरी तिने दशम्या बांधून दिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की काही वेगळं निघालं तर त्यांना तसं सांगू नका. बरोबर होतं असंच सांगा. मी हो म्हणालो.

अंधार झाला आणि मी सवयीने पडद्याखालच्या ओळी वाचून त्यांच्या कानात मराठीत सांगू लागलो. दहा मिनिटं त्यांनी सोसलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. "बोलनं ऱ्हाऊ द्या. अंगात काय हाय?"

मी वर पाहिलं. सदरा, म्हणालो. कसला? पुरुषाचा. तेवढ्याने भागेना. रंग उडालाय का, आणि कुठं उडालाय? खांद्यावर की पाठीवर? कॉलर उलटून लावलीय का? मी आयुष्यात कुणाकडे इतकं पाहिलं नव्हतं. मान काळवंडली आहे, म्हणालो; वरचं बटण नाही, तिथे दोरी आहे; पाठीवर घामाच्या पांढऱ्या रेघा आहेत. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून शू म्हणाल्या. दाजी पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "ताई, मला दिसत न्हाई, अन् ह्यांना बघता येत न्हाई. दोघं मिळून बघतोय." बाई पुन्हा वळल्या नाहीत.

मग पडद्यावरची बाई उसात शिरली आणि दाजींनी विचारलं. मला वाटलं होतं त्याहून शांतपणे विचारलं.

"बाही कुठली फाटलीय?"

मी पाहिलं. उजवी फाटली होती. कोपरापासून मनगटापर्यंत लक्तरं झाली होती. डावी शाबूत होती. आक्का मला आठवली. डावी म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्या काळोखात मला विचारणारं कुणी नव्हतं. पण चाळीस वर्षं ज्यांनी मला एकही टाका खोटा सांगितला नव्हता, त्यांच्या कानात ते मला सांगता येईना.

"उजवी," मी म्हणालो.

त्यांचा हात माझ्या मनगटावरून निघाला. पडद्यावर ऊस पडत होता, नुसता आवाज येत होता. मला वाटलं, आपण यांना इथे आणायला नको होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "कोयता कुठल्या हातात हाय?"

एवढा वेळ बघत होतो, तरी हे मी पाहिलं नव्हतं. बाई डाव्या हाताने तोडत होती. उजवा हात उसाभोवती होता, प्रत्येक वेळी, पूर्ण कवेत.

"डाव्या," मी म्हणालो. "दाजी, ती डावखुरी आहे."

ते खुर्चीत मागे टेकले.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "कुनीतरी जवळ उभं ऱ्हाऊन बघितलंय तिला."

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही आणि डोळे मिटून घेतले. मी सांगत राहिलो. ती बाही दिसेल तेव्हा सांगितली, ओली झाली तेव्हा सांगितलं, कुणीतरी ती शिवली तेव्हा दोरा कसला होता तेही सांगितलं. सिनेमाचा शेवट काय झाला, ते मला माहीत नाही. परतीच्या एसटीत त्यांना शिरूरच्या अलीकडेच झोप लागली आणि सुप्यापर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते गेले. झोपेतच गेले. आक्काने मला इतकंच विचारलं की पुण्याला तिने सांगितलं होतं तसंच मी सांगितलं ना. मी म्हणालो, खरं ते सांगितलं, आणि ते बरोबर होतं. तिने डोळ्याला पदर लावला.

भिंगारच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी निवृत्त झालो आहे. शुक्रवारी बाराच्या खेळाला जातो, आणि महोत्सवालाही एकदा एकटा जाऊन आलो. घरी आल्यावर बायको विचारते, काय होती गोष्ट. ती मला पहिल्यासारखी सांगता येत नाही. कुणाच्या अंगात काय होतं, ते सांगता येतं.