हिरकणीवहिनीचे सहा इस्पिक

आमची हिरकणीवहिनी आगरच्या चिकूवाडीत आठवडाभर राबते आणि रविवारी डहाणूला ब्रिज खेळायला जाते. जोडीदार तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ जतीनदादा. बोलायचं तिनं, मान हलवायची त्यानं, घरीही तसंच.

एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. जोडीचे तेहेतीस भरले की स्लॅम मागावा, म्हणजे तेरापैकी बारा हात करू असा शब्द द्यावा, ही क्लबातली पक्की समजूत. २०१६च्या स्पर्धेत वहिनीनं चौकटचे राजा-राणी प्रेमानं मोजून तसाच स्लॅम मागितला. दादाकडे चौकटचं एकच बारकं पान निघालं, चौकटचा एक्का आणि हुकमाचा राजा विरोधकांकडे निघाले आणि एका हातानं घात झाला.

क्लबाचे सेक्रेटरी अमृतभाऊ दादाला म्हणाले, "जतीन, जोडीदार बदल."

"पुढची स्पर्धा हिच्याबरोबरच. मग बघू," दादा म्हणाला.

ते 'मग बघू' वहिनीच्या जिव्हारी लागलं. पुढे कित्येक दिवस ती चिकू निवडताना धुमसत असायची. वटवाघळानं टोकरलेलं फळ कितीही मोठं असलं तरी आमच्याकडे पेटीत धरत नाहीत. एकदा असाच चिकू हातात घेऊन ती ओरडली, "अगं, माझे राजा-राणी हेच होते! ह्यांच्याकडे चौकट एकच. दुसऱ्या फेरीपासून हे हुकमानं कापणार. मग माझी तिथली मोठी पानं कशाला मोजायची?"

२०१७च्या अंतिम फेरीत समोर खुद्द अमृतभाऊ. मी वहिनीच्या मागे बसले होते. तिनं 'एक इस्पिक' म्हटलं आणि दादानं एकदम 'चार चौकट' लावलं. या ठरलेल्या बोलीचा अर्थ सगळ्या टेबलाला ठाऊक होता: इस्पिक हुकूम मला पसंत, चौकट माझ्याकडे एकच.

वहिनीकडे चौकटची तीन पानं, तिन्ही भिकार. तिचे सगळे गुण बाकीच्या रंगांत होते. चेहरा ढिम्म, फक्त टेबलाखाली तिची हलणारी चप्पल थांबली.

"सहा इस्पिक." म्हणजे इस्पिक हुकूम धरून बारा हात, पुन्हा स्लॅमच.

अमृतभाऊंनी हसत डबल दिला, म्हणजे 'हे जमायचं नाही' अशी दुप्पट गुणांची पैजच लावली, आणि चौकटचा एक्का टाकला. तेवढा एक हात त्यांना मिळाला. पुढची चौकट वहिनीनं दादाच्या हुकमानं कापली आणि उरलेले बाराही हात घरी आणले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. वाजवल्याच!

अमृतभाऊंनी पानं पुन्हा मोजली. "दोघांचे मिळून अठ्ठावीस! वहिनी, अठ्ठावीसवर स्लॅम?"

"भाऊ, टोकरलेलं एकही नव्हतं त्यात," वहिनी म्हणाली.

आयुष्यात कधी आपणहून न बोलणारा माझा भाऊ तेव्हा उठून उभा राहिला. "अमृतभाऊ, पुढच्या वर्षीची जोडी आत्ताच लिहून घ्या. हिरकणी आणि जतीन. तिचं नाव आधी."

वहिनीनं मान हलवली.