ओलं बारदान आणि उदगीरचा फडा

माझ्या मागच्या लेखामुळे उदगीरच्या एका बाईचं काम गेलं, म्हणून हा लेख लिहिणं मला भाग आहे. प्रवास छान झाला, पण तो मौजेसाठी केलेला नव्हता.

मी नांदेडला तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मागच्या महिन्यात इथे ‘हंता’ विषाणूवर लिहिलं होतं. हा विषाणू उंदरांत राहतो आणि उंदराला काही होत नाही. त्याचं मूत्र, लेंड्या वाळतात, त्यांची धूळ होते आणि ती माणसाच्या श्वासात जाते. लेखाच्या शेवटी मी ठणकावून सांगितलं होतं: कोरडा फडा बंद करा, जमिनीवर ब्लीचचं पाणी शिंपडा, मगच झाडा.

माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा उदगीरला आशा कार्यकर्ती आहे. तिने तो लेख सासूला वाचून दाखवला. त्या सासूबाई, गयाबाई, अडत दुकानाच्या गोदामात झाडतात. मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, लघवी बंद झाली. लातूरच्या डॉक्टरांनी डेंग्यू, लेप्टो तपासून शेवटी नमुना बाहेर पाठवला, तेव्हा रक्तात हंताची खूण सापडली. बाई वाचल्या आणि परत कामाला लागल्या. माझं ऐकून त्यांनी गोदामात पाणी शिंपडलं. ओल थप्पीखाली शिरली, खालच्या पोत्यांतल्या सोयाबीनला बुरशी आली. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

सुनंदाचा फोन आला. “बाई, तुमचं बरोबरच असंल. पण गोदामात सांडलेलं धान्य हीच आत्याबाईंची मजुरी हाय. ते भिजवून कसं चालंल? धा दिवसांत तुरीची आवक सुरू होईल. तवर जागा नाही मिळाली तर ती दुसरीची झाली.”

मला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं शिकवलं, पण झाडणारीला पगारात काय मिळतं हे कधी विचारलं नाही.

सुनंदानेच सांगितलं की देगलूरला एका भात गिरणीत बायका धूळ न उडवता झाडतात. म्हणून आधी देगलूर. सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. नायगावपर्यंत रस्ता चांगला, पुढे कामं सुरू आहेत, पाठीची काळजी घ्या. स्टँडसमोर सुशीला खाल्ली. चुरमुरे मऊ, शेंगदाण्याचं कूट भरपूर. पलीकडच्या बाकावर एकाच घरातली तिघं मराठी, तेलुगू आणि कन्नड मिसळून भांडत होती आणि एकमेकांना नीट कळत होतं.

गिरणीतल्या लक्ष्मम्मा माझ्याच वयाच्या. “कूर्चोंडी, कूर्चोंडी,” ‘बसा, बसा’ असं तेलुगूत म्हणत त्यांनी मला बसायला पोतं झटकायला घेतलं. मी ओरडले, “झटकू नका!” त्या हसल्या. “टीचर हाय का तुमी?”

मग त्यांनी काम दाखवलं. आधी दोन्ही दारं सताड उघडली आणि कोंडलेली हवा जाईपर्यंत आम्ही बाहेर चहाला बसलो, चांगला अर्धा तास. नंतर बारदान बादलीत बुडवून त्यांनी आणि दुसऱ्या एका बाईने दोन टोकांनी पिळलं, एक थेंब टपकेना इतकं. ते जमिनीवर पसरून दोघी हळूहळू मागे ओढत गेल्या. धूळ बारदानाला चिकटली, सांडलेलं भात त्याच्या घडीपुढे कोरडंच गोळा झालं. उन्हाच्या तिरिपीत एक कण उडताना दिसला नाही. पाखडणं बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून.

“हे कुणी शिकवलं?”

“कोण शिकवंल? भुशानं खोकला येत होता. म्हनून करून राहिलो.”

जे मी लेखात पानभर सांगूनही चुकवलं होतं, ते या बायकांनी नुसत्या खोकल्यावरून बरोबर शोधलं होतं.

संध्याकाळी उदगीर. किल्ला बघायचा तर सकाळी जा, माझा राहिला. सुनंदाच्या घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडी जेवले. गयाबाई काटक, सुरकुतलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ह्याच का त्या पाणीवाल्या बाई?”

“आत्याबाई!” सुनंदा.

“राहू दे,” मी म्हटलं. “ह्याच.”

जेवणानंतर सुनंदाने तिची वही काढली. तिच्या भागात तसा ताप आलेल्या प्रत्येकाचं नाव, काम आणि आजारी पडण्याआधी त्याने काय केलं याची नोंद. शेजारी हाताने काढलेला नकाशा, प्रत्येकासाठी एक ठिपका. मला वाटलं होतं, ठिपके वस्तीवस्तीने पडतील. ते बराच काळ बंद राहून उघडलेल्या दारांजवळ पडले होते: पावसाळाभर बंद असलेलं गोदाम, कडब्याची खोली, सुट्टीनंतर उघडलेला शाळेचा खिचडीचा कोठा. मी मुलांना शिकवायची की हा विषाणू चीन-कोरियाकडे मूत्रपिंड धरतो आणि अमेरिकेत फुप्फुस, कारण तिथले उंदीर वेगळे. जगाचा तो नकाशा मला पाठ आहे. इथे एका तालुक्याचा नकाशा माझ्या मुलीसारख्या विद्यार्थिनीने चालत जाऊन काढला होता.

सकाळी तिघी अडत दुकानात. शेठनी बादली बघितली आणि हात जोडले. “बाई, परत पानी आनलं का?”

“चूक माझी होती, शेठ. जागा यांची गेली. दहा मिनिटं द्या.”

गयाबाईंनी आणि सुनंदाने मास्क लावून बारदान पिळलं, पसरलं, ओढलं. शेठ उकिडवे बसले, बारदान फिरलं होतं तिथे तळहात टेकवला, उलटा करून बघितला. “कोरडंच हाय की!”

“पण दार आधी उघडं पायजे,” गयाबाई म्हणाल्या. “मुनीम धा वाजता येतो. मागच्या दाराची किल्ली माझ्यापाशी द्या.”

हमालसुद्धा थांबून बघायला लागले. शेठ हसले, मग गल्ल्याच्या खणात हात घातला.

दुपारी सुनंदाबरोबर लातूर, तासा-दीड तासाची वाट. गयाबाईंच्या डॉक्टरांनी वही उभ्यानेच वाचायला घेतली आणि वाचतावाचता खुर्चीत बसले. मग बजावलं: बाकीच्यांची तपासणी झालेली नाही, हे सगळे हंताच असं लिहू नका. बारदान फड्यापेक्षा पुष्कळ बरं, पण मास्क हवाच, आणि वापरून झालं की ब्लीचच्या पाण्यात बुडवा. तेवढंच लिहिते.

घरी येऊन चार दिवस झाले. दार उघडून आत जाण्याआधी मी आता थांबते. अडगळीच्या खोलीचंसुद्धा. काय उघडतोय आणि आत कोण राहून गेलंय, हा विचार आपोआप येतो. गयाबाई तुरीच्या हंगामाला त्यांच्या जागेवर आहेत. मागचा लेख काढून टाकलेला नाही. त्याच्यावर दुरुस्ती लावली आहे.

हाती दिलं-घेतलं ते असं:

डॉक्टरांना, सुनंदाकडून: वहीची नक्कल, नावं झाकून.

गयाबाईंना, माझ्याकडून: चार नवी बारदानं, मास्कची दोन पाकिटं, झाकणाची बादली.

गयाबाईंना, शेठकडून: गोदामाच्या मागच्या दाराची किल्ली.

मला, गयाबाईंकडून: एक शिंदीचा फडा, झिजलेला, मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी. “लक्ष्मी हाय, कुनाला देत न्हाईत,” म्हणाल्या, आणि दिला. ब्लीचमध्ये बुडवून, उन्हात वाळवून ठेवला आहे.