स्नेहलच्या स्क्रीनवरचा हिरवा गोल

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच कळत नाही.

नवीन पनवेलमधल्या आमच्या छोट्या कंपनीने ॲम्ब्युलन्स मागवायचं ॲप केलं होतं. आत एकच सॉफ्टवेअर नव्हतं — बरेच छोटे प्रोग्राम, एकमेकांना निरोप देणारे. एक पत्ता शोधायचा, एक जवळची गाडी, एक ड्रायव्हरला कळवायचा. त्या सगळ्यांचा नकाशा मीच बनवला होता. प्रत्येकाचा एक गोल. चालू असला की हिरवा, अडला की लाल. त्यावर लक्ष ठेवायची स्नेहल — जवळच्याच विचुंबे गावची, घरातली पहिली इंजिनिअर.

ड्रायव्हरला कळवणारा गोल सारखा उगाचच लाल व्हायचा. एकदा एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं नकाशा बघायला यायची होती. आणि मी — मूळ दोष शोधायचा सोडून — तो गोल कायम हिरवाच दिसेल असं करून ठेवलं. ती माणसं गेली की पूर्ववत करू, म्हटलं. केलं नाही. विसरलो? की कटकट मिटली म्हणून राहू दिलं?

मग तो प्रोग्राम खरोखरच बंद पडला. नेमका तेव्हाच तळोज्याच्या एका कारखान्यात कामगाराच्या डोळ्यांत रसायन उडालं. ॲपवर गाडी 'येत आहे' असं दिसत राहिलं. ड्रायव्हरला निरोपच नव्हता. शेवटी बरोबरच्यांनी त्याला टेम्पोत घालून नेलं. एक डोळा गेला.

"स्क्रीन तुझ्यासमोर होती ना?" मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं.

स्नेहल म्हणाली, "सर, मी जरा जेवायला उठले होते... तेव्हाच लाल झालं असेल."

झालं नव्हतं. होणारच नव्हतं. आणि मी — तिच्या शेजारीच उभा होतो.

तिला काढलं. मी गुपचूप माझा बदल पुसला. तिचे वडील तिचं सामान न्यायला आले, तेव्हा मलाच गाठून म्हणाले, "साहेब, तुमी शिकवलं तिला. आमची पोर कामचुकार नाय हो. चुकली असंल, तर माफ करा."

मी मान हलवली. हो — माफ केल्यासारखी.

स्नेहलने पुन्हा हे काम धरलं नाही, असं ऐकलं. त्या कामगाराचं नाव मी कधी विचारलंच नाही. पुढे लक्ष ठेवायच्या त्या कामाचा प्रमुख म्हणून मलाच नेमलं.

मी हो म्हणालो.